एमवायबीपीसी-३ जनुकलोप

दक्षिण आशियातील लोकांत वंशपरंपरेने चालत आलेला एक जनुकीय फरक. अकराव्या गुणसूत्रावरील एमवायबीपीसी-३ या जनुकातून डीएनएच्या २५ आधारजोड्या, म्हणजे डीएनएची ‘अक्षरे’, गळालेल्या असतात. हृद्‌स्नायूच्या विकारांशी, म्हणजे कार्डिओमायोपॅथीशी, या लोपाचा संबंध किती, हा प्रश्न २००९ पासून चर्चेत आहे. भारतीयांपैकी सुमारे ४ टक्के लोक त्याचे वाहक (जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत लोप असलेले) मानले जातात. काही पाहण्यांत हे प्रमाण ६ ते ८ टक्क्यांपर्यंत जाते. शंभरांची पंगत बसली तर तीत चार-सहा वाहक निघावेत. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील ‘ब्लॉकेज’ व त्यामुळे येणारा झटका हा वेगळा विषय आहे. वर्तमानपत्री मथळ्यांत ‘हृदयरोगाचे जनुक’ एवढेच छापून येते आणि दोन्हींची सरमिसळ होते.

जनुक व प्रथिन : या जनुकापासून मायोसिन-बंधक प्रथिन-सी तयार होते. १९७१ च्या सुमारास स्टार व ऑफर यांनी स्नायूतून मायोसिन (आकुंचन घडवणारे प्रथिन) वेगळे काढताना त्यासोबत येणारी भेसळ तपासली, तेव्हा हे प्रथिन लक्षात आले. रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलवरील ज्या पट्ट्याला त्यांनी ‘सी’ म्हटले होते, तेच अक्षर पुढे नावात राहिले. हृदयातील या प्रथिनात १,२७४ अमिनो आम्ले असून त्यांचे सी-० ते सी-१० असे अकरा खंड पडतात. शेवटचा सी-१० हा खंड स्नायुतंतूतील जाड धाग्याला घट्ट धरून ठेवतो. या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे हृद्‌स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार होतो, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले.

लोपाचे स्वरूप : गळालेला तुकडा ३२ व्या इंट्रॉनमध्ये आहे. इंट्रॉन हा संदेशातून कापून टाकला जाणारा भाग. तेव्हा तिथली २५ अक्षरे गेल्याने काही बिघडू नये असे वाटेल. पण कापणी नेमकी कुठे करायची हे ठरवणारी शाखाबिंदूची खूण याच अक्षरांत असते. ती नाहीशी झाली की पेशीची कात्री पुढचा ३३ वा एक्झॉनही (संदेशात राहायला हवा असा भाग) वगळते. त्यानंतरची वाचनचौकट, म्हणजे तीन-तीन अक्षरे वाचण्याची मांडणी, सरकते आणि सी-१० खंडाच्या जागी भलत्याच अमिनो आम्लांची शेपटी येते. प्रयोगशाळेत हे ओळखणे सोपे आहे. पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणे) करून नमुना जेलवर चालवला की लोप नसलेल्या माणसाचा एकच पट्टा दिसतो आणि वाहकाचे दोन. आखूड तुकडा जेलमधून वेगाने सरकतो, त्यामुळे त्याचा पट्टा किंचित पुढे गेलेला असतो.

शोध व प्रसार : वाल्डम्युलर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये भारतीय कुटुंबांतील रुग्णांत हा लोप नोंदवला. त्याला प्रसिद्धी मिळाली ती जानेवारी २००९ मध्ये, ‘नेचर जेनेटिक्स’मधील लेखामुळे. धंदापाणी, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्रीय संशोधन संस्थेतील थंगराज व त्यांचे सहकारी यांनी रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांची तुलना करून वाहकांना धोका सुमारे सातपट असल्याचे मांडले. भारतातील शंभराहून अधिक समाजगटांतील सहा हजारांवर नमुनेही त्यांनी तपासले. लोप देशाच्या बहुतेक भागांत, सर्व भाषाकुलांत व जातींत सापडला. ईशान्येकडे तो फारसा आढळला नाही. देशाबाहेर पाकिस्तान, श्रीलंका, मलेशिया व इंडोनेशिया येथे तो मिळाला. वाहकांची एकूण संख्या तेव्हा सुमारे ६ कोटी धरण्यात आली.

त्याच लेखात लोपाचे वय सुमारे ३३,००० वर्षे दिले आहे. असे आकडे उत्परिवर्तनाचा व पुनःसंयोगाचा (जोडीतील गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होण्याचा) वेग गृहीत धरून काढलेले असतात. त्यामुळे हा आकडा काळाचा ठोकळ अंदाज म्हणूनच घ्यावा. जातींतर्गत विवाहाची पद्धत रूढ होण्याच्या कितीतरी आधी हा लोप पसरला असावा, एवढे मात्र त्याच्या जातीपार वावरावरून म्हणता येते. घातक ठरवलेले रूप इतकी सहस्रके टिकले कसे, याचे २००९ मधील उत्तर असे : त्रास उतारवयात सुरू होतो, तोवर मुलेबाळे झालेली असतात आणि नैसर्गिक निवडीला वाव उरत नाही. तरुणपणी पेशी सदोष प्रथिनाची विल्हेवाट लावते व वय वाढल्यावर ते साचते, असेही स्पष्टीकरण देण्यात आले.

वाद : पुढील संशोधनाने या उत्तराची गरजच कमी केली. अमेरिकेतील २,४०१ दक्षिण आशियाई वंशीयांच्या २०१८ मधील अभ्यासात ६ टक्के वाहक निघाले. त्यांपैकी दहातल्या सुमारे एकात त्याच जनुकात डी-३८९-व्ही हा आणखी एक बदल होता. हृदयाचे आकुंचन गरजेपेक्षा जोरकस दिसले ते मुख्यतः या जोडवाहकांत. २०२० मध्ये हार्पर, वॉटकिन्स व सहकाऱ्यांनी ५,३९३ रुग्णांची माहिती तपासून वेगळ्या साथीदाराकडे बोट दाखवले. तो म्हणजे दुसऱ्या एका इंट्रॉनमध्ये, एक्झॉनच्या सीमेपासून ५२ अक्षरे आत असलेला, जी या अक्षराच्या जागी ए येण्याचा बदल. मोजक्या वाहकांत तो लोपासोबत एकाच गुणसूत्रावर असतो आणि जाड हृद्‌स्नायूचा धोका त्यानेच येतो; नुसता लोप असलेल्यांत हा धोका वाढत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

साधा हिशेबही याच बाजूने जातो. जाड हृद्‌स्नायूचा विकार साधारण ५०० प्रौढांत एकाला असतो आणि तेवढ्याच माणसांत लोपाचे वाहक वीस. तो एक रुग्ण वाहकच आहे असे धरले तरी एकोणीस वाहक मोकळे राहतात. सातपट धोक्याचा आकडा अजून अनेक ठिकाणी जसाच्या तसा उद्धृत होतो. तो लोपाचा नसून त्याच्या सोबत्याचा असावा, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. हृदय सैल होऊन फुगण्याच्या किंवा ताठर होण्याच्या विकारांना मात्र हाच निष्कर्ष सरसकट लावता येत नाही. २०२० चा अभ्यास जाड हृद्‌स्नायूपुरता होता. आईवडील दोघांकडूनही लोप आलेल्या व्यक्ती तुलनेने थोड्या असून त्यांच्यात विकार तीव्र असल्याच्या नोंदी आहेत.

तपासणी : केवळ लोप शोधणारी चाचणी एकटी करू नये, असे २०२० च्या लेखकांनी सुचवले आहे. नेहमीच्या जनुक-पॅनेलमध्ये (अनेक जनुकांच्या एकत्रित चाचणीत) एक्झॉन व त्यांच्या कडेची थोडी अक्षरे वाचली जातात. ५२ अक्षरे आत दडलेला बदल त्यातून निसटतो, आणि अहवालात लोप तेवढा दिसतो. निदान शेवटी इकोवरच ठरते : डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) भिंतीची जाडी १५ मिमी किंवा अधिक आणि तिला रक्तदाबासारखे दुसरे कारण नसणे. रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांत १३ मिमीसुद्धा पुरेशी मानतात.