मोबाईलमधला बेस नेमका येतो कुठून?

आखाजी (अक्षय्य तृतीया) आली की आमच्या खान्देशात लग्नांची रांग लागते आणि माझ्यासारख्या हौशी वादकाची झोप उडते. दिवसा क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचं आणि रात्री जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार धरायची, असा माझा उन्हाळा जातो. यंदा यावलजवळच्या एका हळदीत भाच्यानं आमचं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. दुसऱ्या दिवशी कळण्याची भाकरी मोडता मोडता तो ते ऐकत बसला होता. मध्येच मान वर करून म्हणाला, "मामा, इतलासा मोबाईलमा तुना आवाज कसा येस?"

पोराला वाटलं साधा प्रश्न आहे. मला मात्र हातातली भाकरी खाली ठेवावी लागली, कारण खरं उत्तर असं आहे की माझा तो सूर मोबाईलमधून येतच नाही. तरी आम्ही दोघं तो ऐकत होतो.

आधी थोडा हिशेब. बेस गिटारीला चार तारा असतात. सर्वांत जाड ई ची तार सेकंदाला 41.2 वेळा कंप पावते, मग ए ची 55, डी ची 73.4 आणि जी ची 98. लिओ फेंडरनं 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा तारेची कंप पावणारी लांबी 34 इंच, म्हणजे 864 मिलिमीटर ठेवली. आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. एवढ्याशा लांबीत 41 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 41 कंप, काढायचे कसे? मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं 1636 मध्येच सांगून ठेवलंय की सूर खाली न्यायचा तर तार लांब करा, सैल करा नाहीतर जड करा. लांब केली तर हात पुरत नाही, सैल केली तर ती फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, फडफडते. उरला जडपणा. पण नुसती जाड सळई लावली तर ती ताठ राहते आणि घंटेसारखी वाजते. म्हणून आत बारीक पोलादी गाभा आणि त्यावर तारेचेच वेढे, एकावर एक, पागोट्यासारखे. वजन वाढतं आणि लवचीकपणाही राहतो. ई ची अशी एक मीटर तार साधारण 34 ग्रॅम भरते. हे वेढे लक्षात ठेवा, पुढे सगळं भांडण त्यांच्याशीच आहे.

आता मोबाईल. त्याच्या स्पीकरचा पडदा अंगठ्याच्या नखाएवढा. 41 हर्ट्झची ध्वनिलहर आठ-साडेआठ मीटर लांब असते. ती उठवायला बरीच हवा पुढेमागे ढकलावी लागते, म्हणून डीजेवाले 18 इंची स्पीकर टेम्पोत घालून आणतात. नखाएवढ्या पडद्याला ते कुठलं झेपायला! साधारण दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली मोबाईल जवळजवळ मुकाच असतो.

मग ऐकू काय येतं? तार छेडली की ती एकाच वारंवारतेनं कधीच वाजत नाही. 41.2 हा मूळ सूर, त्याच्यासोबत 82.4, 123.6, 164.8, 206 असे पटीतले उपस्वर एकाच वेळी उठतात. तानपुरा जुळवणाऱ्यांना हे नवीन नाही. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो त्या तारेचा पाचवा उपस्वरच (मूळ सूर पहिला धरून). तार सा ची, पण पोटात गंधार. मोबाईल माझे खालचे चार-पाच सूर गिळतो आणि वरचे तेवढे बाहेर सोडतो. आणि आपला मेंदू त्या वरच्यांवरून खालचा, जो हवेत नाहीच, तो सूर उभा करतो.

हे पटायला जड जातं, म्हणून मी क्लासमध्ये एसटी स्टँडचं उदाहरण देतो. समजा स्टँडवरून भुसावळची गाडी दर 30 मिनिटांनी सुटते, एरंडोलची दर 20 मिनिटांनी आणि पाचोऱ्याची दर 15 मिनिटांनी. तिन्ही गाड्या आठ वाजता एकदम सुटल्या, तर पुन्हा एकदम कधी सुटतील? नऊ वाजता. मग दहाला. समोरच्या चहावाल्याला वेळापत्रक पाठ नाही, पण दर तासाला एकदा मोठी गर्दी उसळते हे त्याच्या हाताला माहीत असतं आणि तो आधीच पातेलं चढवून ठेवतो. आता गंमत बघा, दर तासाला सुटणारी एकही गाडी त्या स्टँडवर नाही. तासाचा ठेका मात्र पक्का आहे. 30, 20 आणि 15 म्हणजे तासाचे दोन, तीन आणि चार भाग. उपस्वरांचंही अगदी तेच. 82.4, 123.6, 164.8 यांच्या लहरी दर 24.3 मिलिसेकंदांनी एकत्र येतात, आणि 24.3 मिलिसेकंद हा 41.2 हर्ट्झचाच ठेका. आपला मेंदू म्हणजे तो चहावाला.

शास्त्रज्ञ यावर शंभराहून अधिक वर्षं भांडलेत. झेबेकनं 1841 मध्ये भोकं पाडलेल्या फिरत्या तबकडीवर हवा सोडून दाखवलं, की मूळ सूर अगदी क्षीण असला तरी कानाला तोच सूर ठळक लागतो. ओम (हो, विजेच्या रोधाच्या नियमाचा तोच ओम) आणि पुढे हेल्महोल्ट्झ यांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या बाजूचं म्हणणं असं, की कानाचं यंत्रच थोडं वाकडं आहे, दोन सूर आत गेले की त्यांच्या फरकाचा तिसरा सूर कानातच तयार होतो, म्हणजे मूळ सूर खरोखर आत हजर असतो. 1954 मध्ये लिकलायडरनं यावर सोपा तोडगा काढला. खालच्या पट्टीत मुद्दाम खरखराट भरून टाकला. कानात खरा मूळ सूर असता तर तो त्या गोंगाटात बुडाला असता. पण ऐकू येणारा सूर बुडाला नाही. मग 1972 मध्ये हाउट्समा आणि गोल्डस्टाइन यांनी एक उपस्वर एका कानात आणि दुसरा दुसऱ्या कानात सोडला. दोन्ही कानांची यंत्रं वेगळी, तरी ऐकणाऱ्याला नसलेला मूळ सूर लागलाच. म्हणजे जुळणी कानात होत नाही, दोन्ही कानांकडून आलेले निरोप जिथे एकत्र येतात तिथे, मेंदूत होते. तो ठेके मोजतो की उपस्वरांचा नकाशा वाचतो, यावरचा वाद सांगत बसलो तर भाकरी पार गार होईल.

इतकं ताणायचं नसेल तर जुना लँडलाइन आठवा. त्यातून 300 हर्ट्झच्या वरचाच आवाज जायचा. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर 120 च्या आसपास. तरी वडिलांचा फोन आईच्या आवाजात कधी आला नाही.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. बेसवाल्याला लोक म्हणतात, तुझं काम खालचं, तुला वरच्या खणखणीतपणाशी काय करायचंय? काय करायचंय ते ऐका. मोठ्या स्पीकरसमोरसुद्धा आपला कान 40 हर्ट्झला फार मंद असतो. तो सूर नुसता जाणवायलाच 50 डेसिबलच्या आसपास जोर लागतो, 1000 हर्ट्झला दोन-तीन डेसिबल पुरतात. त्यामुळे मंडपातसुद्धा माझा सूर कोणता, हे लोकांना उपस्वरच सांगत असतात. आणि तार मरते ती आधी उपस्वरांच्या बाजूनं.

मरते कशी? घाम, बोटांचं तेल आणि कातडीचा चुरा त्या वेढ्यांच्या फटीत जाऊन बसतो. मूळ सुरात तार एकाच मोठ्या कमानीत वाकते, पण दहाव्या उपस्वरात तिला दहा छोट्या कमानी कराव्या लागतात. वेढे एकमेकांवर जास्त घासतात, मधला मळ ती ऊर्जा खाऊन टाकतो. म्हणून वरचे सूर छेडल्या छेडल्या विझतात. शिवाय मळ सगळीकडे सारखा बसत नाही. तार कुठे जड, कुठे हलकी झाली की उपस्वर नेमक्या पटीत राहत नाहीत. म्हणजे एरंडोलची गाडी कधी 19 मिनिटांनी, कधी 22 मिनिटांनी. चहावाल्यानं पातेलं चढवायचं कधी? ट्यूनरचा, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्राचा, काटा थरथरत राहतो आणि गायक म्हणतो, "भाऊ, सूर बघ जरा."

गेल्या महिन्यात मी तारा काढून चहाच्या जुन्या पातेल्यात दहा मिनिटं उकळल्या. पाणी जुन्या चहासारखं तांबूस झालं आणि वर तेलाचे बारीक डोळे तरंगायला लागले. पुसून, उन्हात खडखडीत वाळवून परत लावल्या तर नव्यासारख्या वाजल्या. ही जादू दोन-तीनदाच चालते, कारण फ्रेटवर घासून पडलेल्या खाचा उकळून भरत नाहीत आणि ओल राहिली तर गंज ठरलेला. त्यापेक्षा सोपं म्हणजे कार्यक्रम संपला की जुन्या धोतराच्या तुकड्यानं प्रत्येक तार वरून आणि खालून पुसायची. खालून पुसायचं सगळे विसरतात. फडक्यावर चार काळ्या रेघा उमटतात, तो तुमच्या घामाचा हिशेब.

खान्देशातल्या मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला नको. संध्याकाळी सहाला तापलेल्या मंडपात सूर लावला आणि रात्री दहाला हवा दहा अंशांनी उतरली, की पोलाद लाकडापेक्षा जास्त आकसतं आणि सगळ्या तारा किंचित चढतात. हा फरक दशांश मिलिमीटरही नसतो, पण तार मुळात ताणून जेमतेम काही मिलिमीटरच लांबलेली असते, म्हणून तेवढाही कळतो. दर तीन-चार गाण्यांनी ट्यूनर बघा आणि गिटार टेम्पोच्या टपावर टाकू नका, बस.

जनरेटरच्या घुमण्याबद्दल मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपली वीज 50 हर्ट्झची. ई च्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जी चा सूर 49 हर्ट्झ लागतो. अर्थिंग नीट नसेल तर अ‍ॅम्पमधून (अ‍ॅम्प्लिफायरमधून) 50 ची घूं चालू असते, आणि तो जी वाजवला की दोन्हींत एकाचा फरक म्हणून सेकंदाला बरोबर एकदा वँव, वँव असं ऐकू येतं. मला ते ऐकायला आवडतं, पण आवडून उपयोग नाही. घूं घालवायला तीन पिनांच्या प्लगची मोठी, अर्थिंगची पिन काढून टाकणारे साउंडवाले मी पाहिलेत. एक हात तारांवर आणि ओठ माईकला लागलेले असतात, तेव्हा ती पिन म्हणजे जीव असतो. आमचा कीबोर्डवाला यावर उपाय म्हणून अ‍ॅम्पला लिंबू-मिरची बांधतो. लिंबाचा रस जॅकवर गळून तो हिरवा पडला, ही त्या उपायाची आजवरची एकमेव नोंद.

आणि ते 432 हर्ट्झचं खूळ. कुणीतरी गटावर पाठवतं, की मधल्या ए चा सूर 440 हर्ट्झवर लावणं हे कारस्थान आहे, 432 हा विश्वाचा सूर आहे. 440 हे 1939 च्या लंडनमधल्या बैठकीत सोयीसाठी ठरलं आणि 1955 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झालं. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला इतके कंप, आणि सेकंद माणसानं ठरवलाय. आधी दिवसाचे 86,400 भाग केले, मग 1967 मध्ये सीझियमच्या अणूचे 9,19,26,31,770 कंप म्हणजे एक सेकंद असं ठरवलं. आपल्या आजोबांच्या घटका-पळांत मोजायचं तर पळ 24 सेकंदांचं. विश्वाचा सूर पळाला 10,368 होतो. या आकड्यात कुणाला विश्व दिसत असेल तर त्यानं कळवावं.

भाच्याला हे सगळं बोलून पटलं नाही. म्हणून लॅपटॉपवर माझी नुसती ई ची तार रेकॉर्ड केली, हेडफोन त्याच्या कानाला लावला आणि 150 हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकलं. म्हणजे 41.2, 82.4, 123.6 तिन्ही गेले. आवाज किरकिरा झाला, रेडिओसारखा, पण सूर जागचा हलला नाही. मग मी 250 च्या खालचं कापलं. तरी तोच सूर. त्यानं हेडफोन काढला, माझ्या गिटारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग मामा, तू वाजवस काय?"