नेटवर्कचा क्लिक आणि अ‍ॅनालिटिक्सचं सेशन: ही वजाबाकी आता थांबवा

"नेटवर्क १,००० क्लिक दाखवतंय, अ‍ॅनालिटिक्समध्ये सेशन मात्र ६४०. मधले ३६० कुठे गेले?" दर महिन्याला कोणी ना कोणी हा प्रश्न घेऊन येतंच. अ‍ॅफिलिएट म्हणजे दुसऱ्याच्या दुकानाची लिंक देऊन विक्रीमागे कमिशन घेणारा, जाहिरातदार म्हणजे ते दुकान, नेटवर्क म्हणजे दोघांमधली हिशेब ठेवणारी कंपनी आणि अ‍ॅनालिटिक्स म्हणजे साइटवरच्या भेटी मोजणारं साधन. जाहिरातदाराला वाटतं, अ‍ॅफिलिएटने बॉट (आपोआप क्लिक करणारे प्रोग्राम) लावलेत. अ‍ॅफिलिएटला वाटतं, जाहिरातदाराचं ट्रॅकिंग गंडलंय. दोघं ज्या वजाबाकीवरून भांडतात ती मुळात मांडायचीच नसते.

सेशन तुम्हाला माहीत आहे असं धरतो. एका माणसाची एक भेट. ३० मिनिटं काही हालचाल झाली नाही की संपली. ही मुदत सेटिंगमध्ये बदलता येते. त्या भेटीत त्याने दोन पानं पाहिली काय नि वीस काय, सेशन एकच. एवढं पुरे.

घोळ होतो तो क्लिकपाशी. वाचकाने लिंकवर बोट ठेवलं की ब्राउझर थेट दुकानाच्या पानावर जात नाही. बहुतेक नेटवर्कमध्ये तो आधी नेटवर्कच्या ट्रॅकिंग सर्व्हरकडे जातो. सर्व्हर वेळ टिपतो, लिंक कुणाची ते टिपतो, या क्लिकला एक आयडी देतो, बहुधा ब्राउझरमध्ये एक कुकी (छोटी खूण) ठेवतो आणि '३०२' (तात्पुरतं दुसरीकडे जा) असं उत्तर देऊन ब्राउझरला पुढचा पत्ता सांगतो. तुमच्या रिपोर्टमधला क्लिक इथेच नोंदला गेला. दुकानाच्या पानाचा एक पिक्सेलही अजून उमटलेला नाही.

पुढे ते पान उघडायला लागतं, मग त्यातली स्क्रिप्ट चालते, कुकीच्या परवानगीची पट्टी असेल तर माणूस हो म्हणतो, आणि मग कुठे अ‍ॅनालिटिक्सला पहिला निरोप जातो. सेशन सुरू होतं ते तेव्हा. क्लिक टोलनाक्यावर मोजला जातो, सेशन गाव आल्यावर. नाका ओलांडलेली प्रत्येक गाडी गावात पोचतेच असं नाही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आयएबीने (ऑनलाइन जाहिरात उद्योगाची संघटना) २००९ साली क्लिक मोजण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात क्लिकचे टप्पे वेगळे केले आहेत: वाचकाने केलेला, मधल्या सर्व्हरने मोजलेला, जाहिरातदाराच्या सर्व्हरला मिळालेला आणि पान खरंच उघडलेला. अ‍ॅफिलिएट रिपोर्टमधला क्लिक सहसा दुसऱ्या टप्प्यावरचा असतो. सेशन चौथ्याच्याही पलीकडचं. तरी लोक दोन्ही आकडे शेजारी ठेवून फरकाला 'चोरी' म्हणतात.

मग ते ३६० गेले कुठे? काहींनी पान उघडण्याआधीच टॅब बंद केला. काहींनी परवानगी नाकारली. काहींच्या अ‍ॅड ब्लॉकरने अ‍ॅनालिटिक्सची स्क्रिप्टच अडवली. या शेवटच्या दोन गटांतली माणसं दुकानात आली, कदाचित खरेदीही करून गेली, पण सेशनमध्ये दिसणार नाहीत. काही क्लिक माणसांचे नव्हतेच. ईमेलमधल्या लिंक तपासणारे सुरक्षा स्कॅनर आणि मेसेजमध्ये लिंकचं चित्र दाखवणाऱ्या सेवा पत्ता उघडून बघतात, पण सहसा स्क्रिप्ट चालवत नाहीत. नेटवर्क असे क्लिक मागाहून गाळतं, म्हणून कालचा आकडा आज थोडा खाली आलेला दिसू शकतो. त्यावरून लगेच रडू नका.

यातला एक गट मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटतो: जे हरवलेलेच नाहीत. दोन-तीन रिडायरेक्टमधून (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवण्यातून) जाताना यूटीएमचे पॅरामीटर (माणूस कुठून आला हे सांगणाऱ्या, पत्त्याला जोडलेल्या खुणा) गळाले, तर सेशन होतं पण 'डायरेक्ट' किंवा 'रेफरल'सारख्या दुसऱ्या खात्यात पडतं. तुम्ही अ‍ॅफिलिएटचा फिल्टर लावून बघताय, तो माणूस शेजारच्या ओळीत बसलाय. माझ्या अनुभवात मोठी तफावत निघाली की पहिला संशय इथेच घ्यावा, बॉटवर नंतर.

उलटंही होतं, आणि तेव्हा गंमत म्हणजे कोणी तक्रार करत नाही. वाचकाने दुकानाचं पान यूटीएमसकट बुकमार्क केलं किंवा मित्राला पाठवलं, की नवा क्लिक न होता अ‍ॅफिलिएटच्या नावावर नवं सेशन चढतं. ट्रॅकिंग लिंकला कोणी ३०२ऐवजी ३०१ (कायमचं दुसरीकडे जा) लावला असेल तर ब्राउझर पुढचा पत्ता लक्षात ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी नाक्यावर न थांबता सरळ निघून जातो. ट्रॅकिंग लिंकवर ३०१ लावणाऱ्यांना मी माफ करत नाही.

एकूण क्लिक आणि युनिक क्लिक यांतला फरक नावातच आहे: युनिकमध्ये एकाच माणसाचे ठरावीक वेळातले क्लिक एकदाच धरतात. फक्त युनिक किती तासांच्या खिडकीत धरलाय ते नेटवर्कला विचारून घ्या. टाइमझोन वेगळा असला की दिवसाचे आकडे सरकतात, म्हणून आठवड्याचे बघा.

खरं नुकसान होतं ते भागाकारात. समजा २० विक्री झाल्या. १,००० क्लिकने भागलं तर रूपांतर २ टक्के, ६४० सेशनने भागलं तर ३.१ टक्के. दोन्ही बरोबर, पण एका अ‍ॅफिलिएटचे २ आणि दुसऱ्याचे ३.१ शेजारी ठेवून 'दुसरा चांगला' ठरवणं हा शुद्ध बावळटपणा. ईपीसीचंही (क्लिकमागची कमाई) तेच: ती क्लिकवरच काढतात, आणि सीजेसारखं नेटवर्क ती दर १०० क्लिकमागे दाखवतं. तिथे सेशन घुसडू नका. पैशाचा हिशेब नेटवर्कच्या क्लिकवर, पानाचा दर्जा सेशनवर. माझ्याकडे याला अपवाद नाही.

अ‍ॅफिलिएटांसाठी एक वेगळी खोड. स्वतःच्या साइटवरचे बाहेर जाणारे क्लिक गुगल अ‍ॅनालिटिक्स ४ आपोआप मोजतं, म्हणून लोक ते नेटवर्कशी ताडून बघतात. पण लिंक लपवायला तुम्ही आपल्याच डोमेनवरचा 'गो' वगैरे पत्ता वापरत असाल, तर अ‍ॅनालिटिक्सच्या लेखी तो बाहेरचा क्लिकच नसतो. मग तिथे शून्य दिसतं आणि नेटवर्कवर 'खोटे क्लिक' दाखवल्याचा आळ येतो.

खरंच शंका असेल तर डॅशबोर्ड बाजूला ठेवा. नेटवर्ककडून एका दिवसाचे क्लिक आयडी घ्या आणि दुकानाच्या सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये (सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंदवही) शोधायला सांगा. लॉगला ना परवानगीची पट्टी लागते ना स्क्रिप्ट. तिथे आयडी सापडले तर क्लिक पोचलेत, आणि भांडण अ‍ॅनालिटिक्सच्या टॅगशी (पानावरच्या त्या स्क्रिप्टशी) आहे. नाही सापडले तर रिडायरेक्टची साखळी एकेक कडी करून उघडून बघा, कुठल्या कडीत आयडी गळतोय ते दिसेल.