दोन टाक्यांमधले अंतर

जलशुद्धीकरण केंद्रातील रसायनांच्या खोलीत गेल्यावर सर्वांना धास्ती वाटते ती क्लोरीनच्या टनरची, म्हणजे सुमारे एक टन क्लोरीन मावणाऱ्या मोठ्या सिलिंडरची. तुरटीच्या द्रावणाच्या टाकीकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. तुरटी घरोघरी वापरली जाते, म्हणून ती निरुपद्रवी, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिचे द्रावण आम्लधर्मी असते, तुरटीऐवजी गढूळपणा खाली बसवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फेरिक क्लोराइडचे तर त्याहूनही अधिक. शेजारच्या टाकीतील सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे जंतू मारणारे क्लोरीनयुक्त द्रावण, टिकून राहते ते मुद्दाम राखलेल्या अल्कधर्मी सामूमुळे (पीएचमुळे). त्यात यांपैकी काहीही मिसळले, की सामू घसरतो आणि द्रावणातून क्लोरीन वायू उसळून बाहेर पडतो.

ही मिसळण बहुधा टँकर रिकामा करताना होते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, ॲचिसन येथील एका कारखान्यात सल्फ्युरिक आम्ल चुकून हायपोक्लोराइटच्या टाकीत सोडले गेले. दोन्ही टाक्या भरण्याच्या नळ्यांची तोंडे दिसायला सारखी होती आणि त्यांच्यात जेमतेम ४५ सेंटिमीटरचे अंतर होते. हिरवट-पिवळ्या ढगामुळे १४० हून अधिक लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. अशा ठिकाणी नुसत्या सूचनाफलकावर विसंबणे मला अपुरे वाटते. प्रत्येक रसायनाच्या नळीचे कपलिंगच (जोडणीचा भाग) वेगळे असावे, तोंडाला कुलूप असावे आणि टँकरची कागदपत्रे स्वतः वाचल्यावरच केंद्राच्या कर्मचाऱ्याने ते उघडावे.

क्लोरीन वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने जमिनीलगत पसरतो. म्हणून तो ओढून घेणाऱ्या पंख्याचे तोंड फरशीजवळ हवे आणि गळतीच्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, उंचावर जायला हवे. बारीक गळती शोधायची जुनी रीत आजही उपयोगी आहे: अमोनियाच्या द्रावणाची बाटली व्हॉल्व्हजवळ धरून नुसती वाफ तिथे पोहोचू द्यायची, गळती असेल तर पांढरा धूर दिसतो. गळणाऱ्या जागी पाणी मात्र कधीही मारू नये, कारण पाणी आणि क्लोरीन यांच्यापासून बनणारे आम्ल धातू खाते आणि छिद्र आणखी मोठे होते.

डोळ्यांत रसायन उडाल्यास निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवावेत. वायू छातीत गेलेला माणूस तासाभराने ‘आता बरे वाटते’ म्हणाला, तरी त्याला एकटे घरी पाठवू नये. फुप्फुसांत पाणी साचण्याची लक्षणे काही तासांनंतरही दिसू लागतात.