बीआरएएफ पॉझिटिव्ह म्हणजे घराण्यातला कॅन्सर नव्हे

तिशीतल्या माणसाचा मेलॅनोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर) काढला, रिपोर्टवर ‘बीआरएएफ म्युटेशन पॉझिटिव्ह’, म्हणजे बीआरएएफ या जनुकात बदल, असं आलं, की घरात भीती पसरते: आता मुलांनाही होणार. ही गल्लत कितीदा खोडून काढली तरी पुन्हा उगवते.

गोरी, पटकन भाजणारी त्वचा, लहानपणी फोड येईपर्यंत लागलेलं ऊन, टॅनिंग बेड (कृत्रिम अतिनील किरणांनी त्वचा सावळी करणारं यंत्र) हे धोके बहुतेकांना ठाऊक असतात. घोळ होतो तो जनुकांपाशी.

बीआरएएफमधला व्ही६००ई हा बदल जन्मानंतर, त्वचेच्या एखाद्याच रंगपेशीत घडतो. बीजांडात किंवा शुक्राणूत तो नसतो, त्यामुळे मुलांकडे जात नाही. त्वचेच्या मेलॅनोमांपैकी सुमारे निम्म्यांत बीआरएएफ बदललेलं असतं. तरुण रुग्णांत हे प्रमाण जास्त. बहुतेक साध्या तिळांतही हाच बदल सापडतो! तिथे पेशी थोडी वाढते आणि थांबते. तिला थांबवणाऱ्या ब्रेकांपैकी एक म्हणजे पी१६ हे प्रथिन.

घराण्यातून येणारा, सर्वाधिक आढळणारा ज्ञात दोष नेमका या ब्रेकमध्ये असतो. पी१६ ज्या जनुकावरून बनतं ते सीडीकेएन२ए. त्याची बिघडलेली प्रत आईकडून किंवा वडिलांकडून आली, तर ती शरीरातल्या प्रत्येक पेशीत असते आणि प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के. उरलेली प्रतही एखाद्या पेशीत निकामी झाली, की हा ब्रेक गेलाच. म्हणून अशा घरांत मेलॅनोमा लवकर, आणि एकाच व्यक्तीला अनेकदा होतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो.

बीआरएएफची तपासणी गाठीच्या तुकड्यावर, औषध ठरवण्यासाठी होते. आनुवंशिक दोष रक्तात किंवा लाळेत शोधतात. इथे एक फसगत हमखास होते: गाठीच्या रिपोर्टवर सीडीकेएन२एचा बिघाड दिसला तरी तो आनुवंशिक ठरत नाही. गाठ वाढताना हे जनुक अनेकदा तिथल्या तिथेच गळून पडतं. रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासणीशिवाय निष्कर्ष काढूच नये. एकाच व्यक्तीला तीन वेगवेगळे मेलॅनोमा, किंवा घराण्याच्या एकाच बाजूला मेलॅनोमा वा स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे तीन रुग्ण असतील, तर जनुकीय समुपदेशकाकडे जावं. मेलॅनोमा मुळातच कमी असलेल्या समाजात दोनही पुरेसे.

रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. अंगावर १०० हून जास्त तीळ असतील, तर १५ पेक्षा कमी तीळ असणाऱ्यांच्या तुलनेत धोका सुमारे सातपट. आई-वडील, भावंडं किंवा मुलांपैकी कुणाला मेलॅनोमा झाला असेल, तर अंदाजे दुप्पट. म्हणून बीआरएएफच्या रिपोर्टनंतर भावंडांनी रक्त नव्हे, त्वचा तपासून घ्यावी: पाठ, पोटऱ्या, आणि सावळ्या किंवा काळ्या त्वचेत तळपाय, तळहात व नखांखालचा भाग तर आवर्जून. बाकीच्या तिळांपेक्षा वेगळा दिसणारा किंवा बदलत चाललेला तीळ लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा, ६ मिलिमीटरपेक्षा लहान असला तरी.