किती तास खेळता यावरून फारसं काही कळत नाही

गेम खेळणाऱ्याला घरचे सगळ्यात आधी काय विचारतात, तर "किती तास झाले बसून?" आणि गंमत म्हणजे खेळणाऱ्यांनाच विचारलं की बाबा तुझं खेळणं ठीक चाललंय की हाताबाहेर गेलंय हे तू कसं ओळखतोस, तर तासांचा मुद्दा बऱ्याचदा शेवटी येतो. आधी येतात ते वेगळेच मुद्दे. मॅच अर्धवट सोडून उठता येतं का, हरल्यावर चिडचिड किती वेळ टिकते, झोप उडाली का, किती वेळ खेळलो हे सांगताना खोटं बोलावं लागतंय का, आणि मुख्य म्हणजे मजा येतेय का अजून?

हे ऐकायला पळवाट वाटेल, जो तो आपली बाजू मांडणारच. पण संशोधनही बरंचसं याच बाजूला झुकतं. २००७ मध्ये चार्लटन आणि डॅनफोर्थ या संशोधकांनी 'अ‍ॅशरन्स कॉल' या ऑनलाइन गेमच्या खेळाडूंचा अभ्यास केला, तेव्हा व्यसनाच्या लक्षणांचे दोन गट पडताना दिसले. गेमचे विचार सतत डोक्यात असणं, खेळताना भारी वाटणं, हळूहळू वेळ वाढत जाणं, ही लक्षणं नुसती आवड जबर असलेल्या लोकांतही सापडतात. खरा धोका दुसऱ्या गटात होता: खेळावरून घरात किंवा कामात भांडणं, खेळता आलं नाही की बेचैनी, बंद करायचं ठरवून पुन्हा तिथेच येणं, आणि रोजच्या आयुष्यात बाकी सगळं बाजूला पडून फक्त गेम उरणं.

जागतिक आरोग्य संघटनेनंही तास मोजलेले नाहीत. आयसीडी-११ म्हणजे आजारांची जी जागतिक यादी, त्यात २०१९ ला 'गेमिंग डिसऑर्डर' मंजूर झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून ही यादी लागू झाली. त्यात तीन गोष्टी बघतात, खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी आवडी आणि कामांपेक्षा गेमला वरची जागा मिळत जाणं, आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही चालूच ठेवणं. यामुळे घर, शिक्षण, नोकरी यात ठळक बिघाड व्हायला हवा आणि हे साधारण १२ महिने चाललेलं हवं, लक्षणं फारच तीव्र असतील तर कमी काळही चालतो. म्हणजे सुट्टीत नवा गेम आला आणि आठवडाभर कुणी खोलीबाहेर आलं नाही, तर तो आजार नाही (जेवायला तरी या, एवढं म्हणायला हरकत नाही).

खरंच आजार म्हणावा असे लोक असतात किती? २०१७ च्या एका अभ्यासात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जर्मनीतल्या जवळपास १९ हजार लोकांना प्रश्न विचारले, तर निकषांत बसू शकतील असे फार तर ०.३ ते १ टक्का निघाले. दुसऱ्या काही अभ्यासांत आकडा २-३ टक्क्यांपर्यंत जातो, कारण मोजायची पट्टी प्रत्येकाची वेगळी.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटतो तो मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलेरँड यांनी केलेला फरक. त्यांच्या मते एखाद्या गोष्टीचं वेड दोन तऱ्हेचं असतं, एकात ती गोष्ट आपण निवडतो आणि ती बाकी आयुष्यात नीट बसते, दुसऱ्यात ती आपल्याला आतून ढकलत राहते, म्हणजे इच्छा नसली तरी "खेळायलाच पाहिजे". गेमर लोक हेच वेगळ्या शब्दांत सांगतात, की आता गेम उघडतो तो डेली मिशन (गेमनं रोज नेमून दिलेली कामं) उरकायला, खेळायला नाही. आणि यात दोष फक्त खेळणाऱ्याचा नाही हो. रोज लॉगिन केलं नाही तर स्ट्रीक (सलग दिवसांची मोजणी) तुटते, सीझन म्हणजे ठरावीक मुदत संपली की रिवॉर्ड गेला, लूट बॉक्समध्ये (गेममधली बक्षिसाची बंद पेटी) कधी काय निघेल याचा नेम नाही, आणि बक्षीस कधी मिळेल हे ठरलेलं नसलं की ती सवय मोडायला जास्त अवघड जाते हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या प्रयोगांपासून माहीत आहे. गेम बनवणाऱ्यांनाही ते चांगलंच माहीत आहे.

२०२२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात कंपन्यांकडून खेळण्याच्या वेळेचा खरा डेटा घेतला होता, सात गेम आणि जवळपास ३९ हजार खेळाडू. खेळायचा वेळ वाढला किंवा घटला म्हणून लोकांच्या मनःस्थितीवर जाणवण्याइतका परिणाम दिसला नाही. पण ते का खेळतात याचा संबंध दिसला, म्हणजे आवडीनं खेळणाऱ्यांना बरं वाटत होतं आणि दडपणाखाली खेळणाऱ्यांना तेवढं नाही.

गुंता होतो तो टेन्शन विसरायला खेळणाऱ्यांच्या बाबतीत. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ मध्ये गेमचं व्यसन ओळखायला नऊ निकष सुचवले त्यात हेही एक आहे, पण वैताग आल्यावर तासभर गेममध्ये डोकं घालणं तर बहुतेक सगळेच करतात, आणि त्यानंतर ताजंतवानं होऊन कामाला लागतात. तोच माणूस महिनोन्महिने एकच प्रश्न टाळण्यासाठी खेळत असेल तर चित्र वेगळं. शिवाय आधी काय आलं हे बाहेरून कळत नाही, खेळून खेळून उदास झाला की उदास होता म्हणून गेममध्ये शिरला, त्यामुळे फक्त गेम काढून घेतला तर मूळची उदासी जागच्या जागी राहू शकते, आणि वर ज्यांच्याशी रोज बोलणं व्हायचं ते ऑनलाइन मित्रही जातात.