तोंडाला कोरड पाडणारी औषधे: दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

धोतरा किंवा बेलाडोना या विषारी वनस्पती पोटात गेलेल्या माणसाची लक्षणे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. बाहुल्या विस्फारतात, अंग तापते, माणूस असंबद्ध बडबडतो आणि घशाला इतकी कोरड पडते की घोटही गिळवत नाही. यामागचा मुख्य घटक अ‍ॅट्रोपिन. तो 1830च्या दशकात जर्मनीत शुद्ध रूपात वेगळा करण्यात आला. आज गोळ्यांच्या चिठ्ठीवर दुष्परिणामांच्या गर्दीत जी कोरड आपण वाचून सोडून देतो, तिचा अभ्यास खऱ्या अर्थाने इथून सुरू झाला.

जबड्याखालची लाळग्रंथी त्या काळातल्या शरीरशास्त्रज्ञांची आवडती होती. कार्ल लुडविग यांनी 1850च्या सुमारास दाखवून दिले होते की मज्जातंतूला विजेचा झटका दिला की लाळ सुटते. म्हणजे लाळेवर मज्जासंस्थेची हुकमत असते. अ‍ॅट्रोपिन दिले की तोच झटका वाया जातो, हेही पुढे दिसले. मग 1870च्या दशकात ब्राझीलहून जाबोरांडी नावाच्या वनस्पतीची पाने युरोपात पोचली आणि 1875मध्ये त्यातून पायलोकार्पिन मिळाले. याचा परिणाम नेमका उलटा: लाळेचा आणि घामाचा नुसता पूर.

केंब्रिजमधल्या जॉन लँगली या पंचविशीतल्या संशोधकाने ही दोन्ही द्रव्ये मांजराच्या ग्रंथीवर एकमेकांविरुद्ध वापरून पाहिली. जास्त मात्रा ज्याची, त्याची सरशी होत होती. यावरून 1878मध्ये त्यांनी असा अंदाज मांडला, की मज्जातंतूच्या टोकाशी किंवा ग्रंथीच्या पेशीत असे काहीतरी द्रव्य असले पाहिजे, ज्याला ही दोन्ही औषधे चिकटू शकतात. आज सगळे औषधशास्त्र ज्या 'रिसेप्टर' कल्पनेवर उभे आहे, तिचे हे एक उगमस्थान. माझ्या मते कोरड्या तोंडाचे विज्ञानावर याहून मोठे ऋण नाही.

तोवर शल्यविशारदांना या कोरडीचा उपयोग सापडलाच होता. ईथरची भूल दिली की रोग्याच्या तोंडात आणि श्वासनलिकेत लाळ-कफ साचे, गुदमरायची भीती असे. म्हणून भुलीआधी अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन देण्याची पद्धत पडली आणि ती कित्येक दशके टिकली. कोरड हाच तिथे औषधाचा हेतू होता. ईथर मागे पडले तशी ही रीतही सैल झाली.

लाळ सोडण्याचा निरोप मज्जातंतू अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनामार्फत देतात. रासायनिक निरोपांच्या या शोधासाठी ऑटो लोवी आणि हेन्री डेल यांना 1936चे नोबेल मिळाले. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत अ‍ॅलर्जीवरची पहिली अँटिहिस्टॅमिन औषधे आली, 1950च्या दशकात मनोविकारांवरचे क्लोरप्रोमॅझिन आणि नैराश्यावरचे इमिप्रामिन आले. यांतल्या अनेकांचे लक्ष्य वेगळेच होते, पण रेणूंची ठेवण अशी की अ‍ॅसिटिलकोलीनचे रिसेप्टरही जाता जाता अडवले जात.

नैराश्यावरच्या औषधांच्या चाचण्यांत या कोरडीने वेगळाच घोळ घातला. खरी गोळी कोणाला आणि खोटी कोणाला, हे रोग्याला कळू नये असा नियम. पण ज्याची जीभ टाळूला चिकटली, त्याला आपल्याला खरे औषध मिळाल्याची शंका येणारच, आणि डॉक्टरलाही. म्हणून 1960च्या दशकातल्या काही चाचण्यांत खोट्या गोळीतही थोडे अ‍ॅट्रोपिन घालण्यात आले, म्हणजे दोन्ही गटांची तोंडे सारखीच सुकावीत. मोठा हुशार उपाय, तरी नंतर फारसा वापरला गेला नाही.

अॅसिटिलकोलीनच्या ज्या रिसेप्टरांना अॅट्रोपिन अडवते, त्यांचे पाच प्रकार असल्याचे 1980च्या दशकात स्पष्ट झाले. लाळग्रंथीत मुख्यतः तिसरा प्रकार असतो, आणि मूत्राशय आकुंचन पावतो तोही मुख्यतः त्याच तिसऱ्यामुळे. त्यामुळे लघवीची घाई रोखणारे ऑक्सिब्युटिनिन तोंडही सुकवते. यकृतात त्याचे रूपांतर होऊन जो पदार्थ बनतो, तो कोरडीला बराच जबाबदार. हे लक्षात आल्यावर औषध पोटातून आधी यकृतात जाण्याची फेरी टाळणारी, त्वचेवर चिकटवायची पट्टी निघाली, आणि तिने हा त्रास कमी झाला.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आम्ल सौम्य करते, दातांना खनिजे पुरवते. ती आटली की दात, विशेषतः मुळाशी, झपाट्याने किडतात. वृद्धांना रक्तदाब, झोप, मूत्राशय अशी अनेक औषधे एकदम चालू असतात आणि प्रत्येकाचा थोडाथोडा परिणाम साचत जातो. पायलोकार्पिनच्या गोळीला 1994मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ती किरणोपचाराने सुकलेल्या तोंडासाठी. औषधांमुळे आलेल्या कोरडीवर आजही डॉक्टर आधी यादी तपासतात: कोणती गोळी बदलता येईल, कोणाची मात्रा उतरवता येईल. अशी गोळी मनाने बंद करणे मात्र धोक्याचे. काही औषधे एकदम सोडली तर मूळ दुखणे उसळते किंवा रक्तदाब अचानक चढतो.