वावडं नेमकं कशाचं?

जेवणाच्या टेबलाशी तीन माणसं बसली आहेत आणि तिघंही दुधाचा पेला बाजूला सारतात. "नको, मला दूध चालत नाही." वाक्य एकच. पण पहिल्याच्या ओठाला दुधाचा थेंब लागला तरी पाच-दहा मिनिटांत ओठ सुजतात, अंगावर पित्त उठतं, श्वास अडकायला लागतो. दुसऱ्याला अर्धा पेला खुशाल पचतो, पण दोन पेले पोटात गेले की दीड-दोन तासांनी पोट ढोलासारखं फुगतं. तिसऱ्याला एकदा दूध प्यायल्यावर उलटी झाली होती, बहुधा भलत्याच कारणाने. तेव्हापासून दुधाच्या नुसत्या वासाने त्याच्या पोटात ढवळतं.

या तिघांसाठी मराठीत एक शब्द आहे, वावडं. तो कारण सांगायच्या फंदात पडत नाही. मानवत नाही, एवढंच सांगतो आणि गप्प बसतो. हल्ली त्याच्या जागी आपण सरसकट 'ॲलर्जी' म्हणतो आणि घोटाळा तिथे सुरू होतो, कारण या शब्दात निदान केल्याचा आव असतो. मग तिघांनाही एकच पथ्य लागू होतं. पहिल्याला ते अपुरं पडतं, दुसऱ्याला नको तितकं कडक होतं आणि तिसऱ्याची भीती पक्की होते.

खरं तर 'ॲलर्जी' हा शब्दही जन्माला आला तेव्हा असाच सैल होता. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली तो घडवला, 'दुसरा' आणि 'कार्य' अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून. एखाद्या पदार्थाशी एकदा गाठ पडल्यावर शरीर पुढच्या वेळी वेगळं वागतं, इतकाच त्यांचा मुद्दा होता. पण शरीरात नेमकं काय बदलतं? याचा पहिला धागा हाती लागला १९२१ मध्ये, आणि तोही एका डॉक्टराच्या पोटावर. हाइन्झ क्युस्टनर यांना शिजवलेला मासा चालत नसे. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांना मासा खुशाल चाले. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनरच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, थोडासा स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत तिथे खाज सुटली आणि लाल गांधी उठली. आजूबाजूच्या त्वचेला काहीच झालं नाही. म्हणजे दोष माशात नव्हता आणि क्युस्टनरच्या मनातही नव्हता. तो रक्तातून उचलून दुसऱ्याच्या अंगात ठेवता येत होता. आज असा प्रयोग कुठलीही समिती मान्य करणार नाही, आणि तेच बरं.

रक्तातली ती चीज म्हणजे आयजीई नावाची प्रतिपिंडं, परक्या पदार्थाला ओळखण्यासाठी शरीराने बनवलेली प्रथिनं. ती ओळखायला १९६०च्या दशकाची अखेर उजाडली. अमेरिकेत काम करणारे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधला एक गट, दोघेही स्वतंत्रपणे तिथे पोचले. ही प्रतिपिंडं त्वचेतल्या, आतड्यातल्या, श्वासनलिकेतल्या 'मास्ट' नावाच्या संरक्षक पेशींवर बसून असतात. ओळखीचं प्रथिन आलं की पेशी आपली पोतडी उघडते आणि हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन बाहेर ओतते. म्हणून खऱ्या अन्न-ॲलर्जीत सगळं झटपट होतं, आणि चिमूटभर पदार्थही पुरतो. अशा माणसाला घसा आवळल्यासारखा वाटला, चक्कर आली, तर पहिलं औषध ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. खाजेची गोळी देऊन वाट बघण्यात जीव जाऊ शकतो.

दुसऱ्या माणसाचं गणित निराळं. त्याच्या आतड्यात लॅक्टेज हे विकर कमी पडतं, त्यामुळे दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचता मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथले जीवाणू तिच्यावर ताव मारतात. गॅस त्यांचा, कळा आपल्या. खरं तर याला आजार म्हणणंही अवघड आहे, कारण जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांमध्ये बाळपण सरल्यावर लॅक्टेज कमी होतं. प्रौढपणीही दूध पचणं हाच उत्क्रांतीतला अलीकडचा बदल. इथे सगळा खेळ मात्रेचा आहे. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. आपल्याला दूध अजिबात सोसत नाही, असं ठामपणे सांगणाऱ्या ३० जणांना एक आठवडा साधं दूध दिलं आणि एक आठवडा लॅक्टोज आधीच फोडलेलं. रोज एकेक कप, आणि कुठलं कधी ते त्यांना कळू दिलं नाही. दोन्ही आठवड्यांतल्या त्रासात जवळपास फरकच पडला नाही. आणि तपासणीत असंही दिसलं, की ३० पैकी ९ जणांना लॅक्टोज मुळात व्यवस्थित पचत होतं.

असं काही सांगितलं की ऐकणारा दुखावतो. "म्हणजे मी नाटक करतो का?" नाही. पोट खरंच फुगलं होतं. कारण तेवढं वेगळं होतं, आणि ते शोधायचं राहून गेलं होतं.

गव्हाच्या बाबतीत हे जास्त ठळकपणे दिसतं. सिलिॲक आजारात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा आतड्याच्या अस्तरावरच उलटते. डच डॉक्टर विलेम डिके यांना गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धाआधीच आला होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलंड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, आणि या आजाराची मुलं मात्र सुधारू लागली. तेव्हा त्या संशयाला बळ मिळालं. या लोकांना जन्मभर ग्लुटेन वर्ज्य, कणभरसुद्धा नाही. पण सिलिॲक नसलेले कितीतरी लोकही सांगतात, की गहू सोडल्यावर बरं वाटलं. नॉर्वेतल्या संशोधकांनी अशा ५९ जणांना दिसायला सारख्या तीन प्रकारच्या वड्या आठवडा-आठवडा खायला दिल्या. एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टान नावाची शर्करासाखळी, एकीत दोन्ही नाही. जास्त त्रास झाला फ्रुक्टानच्या वडीने. ग्लुटेनची वडी आणि रिकामी वडी यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. फ्रुक्टान गव्हात असतं तसं कांद्यात आणि लसणातही असतं. म्हणजे महागडा ग्लुटेनमुक्त पाव आणून त्यावर कांदा घालून खाणारा माणूस चोर सोडून संन्याशाला सुळी देत असतो. आणि एक गोष्ट पुन्हापुन्हा चुकते: सिलिॲकची तपासणी गहू सोडण्याआधी करायची. गहू सोडून काही महिने गेले की रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि मग खरं-खोटं करण्यासाठी पुन्हा आठवडेच्या आठवडे गहू खावा लागतो.

आता अन्नाकडून रसायनांकडे. ती आपल्याला दोन दारांनी गाठतात, त्वचा आणि नाक. दोन्हींचा कारभार इतका वेगळा आहे, की त्यांना एकाच नावाखाली ठेवणं मला पटत नाही.

त्वचेचं काम संथ. आज लावलेल्या क्रीमची खाज उद्या-परवा येते, त्यामुळे दोष भलत्याच गोष्टीवर जातो. शोध लावायचा तर पॅच टेस्ट. पाठीवर छोट्या-छोट्या चकत्यांच्या रांगा चिकटवतात, प्रत्येकीत एकेक संशयित: निकेल, सुगंधी द्रव्यं, केसांच्या रंगातलं पीपीडी, टिकाऊपणासाठी घालायची रसायनं. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काही करायचं नाही. मग चकत्या काढतात, त्वचेवर पेनाने खुणा करतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात, कुठल्या चौकोनात बारीक पुरळ उठलंय. योझेफ याडासोन यांनी १८९५मध्ये मांडलेली ही पद्धत मुळात आजही तशीच आहे.

त्या चौकोनांतून अजब गोष्टी बाहेर पडतात. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतलं लिमोनिन आणि लॅव्हेंडरमधलं लिनालूल ही ताजी असताना तशी निरुपद्रवी असतात. बाटली उघडी-बंद होत राहिली, हवा लागली, की त्यांचं ऑक्सिडीकरण होऊन जी संयुगं तयार होतात ती त्वचेला चांगलीच झोंबतात. म्हणजे कपाटात चार वर्षं पडलेली अत्तराची बाटली ही आणली त्या दिवशीची बाटली उरलेली नसते. 'नैसर्गिक' या शब्दाचा इथे काहीही उपयोग नाही. 'गंधहीन' हाही फसवा, कारण मूळ वास झाकायला दुसरं सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. 'सुगंधी द्रव्यविरहित' असं स्पष्ट लिहिलंय का ते बघावं. मेथिलआयसोथायाझोलिनोन हे जिभेची कसरत करवणारं नाव मात्र घोकून ठेवण्याच्या लायकीचं. ओले रुमाल (वेट वाइप्स), शाम्पू, भांड्यांचा साबण यांत ते जंतू वाढू नयेत म्हणून घालत. त्याचा त्रास इतक्या लोकांना होऊ लागला, की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने २०१३ साली त्याला 'वर्षातला ॲलर्जीकारक पदार्थ' ठरवलं आणि युरोपीय संघाने पुढे अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांतून ते हद्दपार केलं. पण भिंतींना लावायच्या, पाण्यात कालवलेल्या रंगांत ते अजून असतं. ज्याची त्वचा त्याला एकदा बिथरली आहे, त्याचा चेहरा नव्याने रंगवलेल्या खोलीत नुसतं बसूनही लाल होऊ शकतो.

नाकाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. अत्तर, रंग, धूर, फिनेल यांच्या वासाने डोकं भणभणतं, छाती भरते, विचार सुचत नाही, असं सांगणारी माणसं जगभर आहेत. शिकागोतले डॉक्टर थेरॉन रँडॉल्फ यांनी १९५०च्या आसपास अशा रुग्णांविषयी लिहायला सुरुवात केली. १९८७ मध्ये मार्क कलन यांनी या त्रासाची 'बहुरासायनिक संवेदनशीलता' अशी व्याख्या केली. वाद तेव्हापासून चालू आहे. काही भाग निर्विवाद आहे. दम्याच्या माणसाला उग्र वासाने खरंच धाप लागते आणि अर्धशिशीवाल्याचं डोकं अत्तराने चढतं. शिवाय नाकात वासाच्या नसेखेरीज ट्रायजेमिनल नावाची आणखी एक नस असते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारी, अमोनियाने झिणझिण्या आणणारी तीच. ती वास ओळखत नाही, चुरचुर ओळखते.

पण पुढचा भाग अवघड आहे. अशा लोकांवर केलेल्या ३७ प्रयोगांचा २००६ साली आढावा घेतला गेला. वास ओळखता येत होता तेव्हा लोकांना त्रास झाला. तो झाकला गेला, तेव्हा रसायन आणि साधी हवा यांतला फरक बहुतेकदा त्यांच्या शरीराला कळला नाही. मग त्रास येतो कुठून? याचं सगळ्यात पटणारं उत्तर मला बेल्जियममधल्या लूव्हेनच्या प्रयोगशाळेत सापडतं. ओमेर फान डेन बेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी लोकांना कार्बन डायऑक्साइड वाढवलेली हवा हुंगायला दिली. तिने धाप लागते, छातीत धडधडतं. सोबत एक वास जोडला. नंतर साध्या हवेत नुसता तो वास दिला, तरी धाप लागली. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, ते इथे मोजून दाखवलं गेलं. कुजकट वास लवकर चिकटले, सुवासिक सहसा चिकटले नाहीत. मात्र प्रयोगाआधी प्रदूषणाविषयी धोक्याचा मजकूर वाचायला दिला, तर सुवासही चिकटले.

याला 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावणारे डॉक्टर मला चुकीचे वाटतात, आणि प्रत्येक वासात विष बघणारेही. शिकलेली धाप ही खरीच धाप असते. पण ती शिकलेली असेल, तर घरातून एकेक वस्तू बाहेर फेकत गेल्याने यादी आटोपत नाही, वाढते. वाढता वाढता काही जणांचं जग एका खोलीएवढं होतं.

रोजच्या जगण्यात म्हणून मी एकच गोष्ट धरून असते: वर्ज्य केलेली वस्तू परत आणून बघणं. वगळण्याचा आहार सगळे उत्साहाने सुरू करतात. तीन-चार आठवडे संशयित पदार्थ बंद, वाटतं बरं, आणि गाडी तिथेच थांबते. खरा प्रयोग त्यानंतर असतो. एका वेळी एकच पदार्थ, थोडा, मग जास्त, आणि वहीत वेळेसकट नोंद. (ज्याला आधी सूज, धाप, शुद्ध हरपणं असं काही झालंय, त्याने हे घरी करू नये. ते रुग्णालयातच.) रक्तातली आयजीजी (प्रतिपिंडांचाच दुसरा प्रकार) मोजून शंभर पदार्थांची लाल-हिरवी यादी देणाऱ्या तपासण्यांवर पैसे घालवू नयेत. आयजीजी एवढंच सांगते, की तुम्ही तो पदार्थ खाता. वर्ज्य करण्याचीही किंमत असते. लंडनमध्ये ६४० बाळांवर केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लहानपणापासून नियमित शेंगदाणा खाल्लेल्या, ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांमध्ये पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. त्याआधी कित्येक वर्षं पालकांना सल्ला मिळत होता तो बरोबर उलटा.

आणि माझी वही. डोकेदुखीचं खापर मी दोन वर्षं चॉकलेटवर फोडत होते, कारण प्रत्येक वेळी आदल्या संध्याकाळी चॉकलेट खाल्लेलं असायचं. तिसऱ्या महिन्याच्या नोंदी वाचताना दिसलं, की त्याच संध्याकाळी मान आखडलेली असते आणि जांभयांवर जांभया येतात. अर्धशिशीची सुरुवात अशीच होते, दुखायच्या कित्येक तास आधी, आणि गोड खायची ओढ हेही तिचंच लक्षण. चॉकलेट आरोपी नव्हतं, डोकेदुखीनेच ते मागवलं होतं. आता मी ते खाते, आणि संध्याकाळी तिसरी जांभई आली की पडदे ओढून लवकर झोपते.